मावशींच्या कपाटातली मासिकं : सूचीच्या कामाच्या नोंदी, बडोदे

१४ जून २०२५

दांडिया बाजारातला मावशींचा वाडा शेवटी बिल्डरकडे गेला. मावशी (वय ८१, आमच्या आईची मैत्रीण, सख्ख्या मावशीपेक्षा जास्त हक्काची) दोन-तीन महिन्यांत लेकीकडे मांजलपूरला जाणार. सागवानी कपाट तिथल्या लिफ्टमध्ये मावत नाही. म्हणून कपाट भंगारवाल्याला आणि आतली मासिकं आमच्या मंडळाच्या वाचनालयाला, असं ठरलं. सूची करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण माझ्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी आहे. आहे खरी, पण गेली बावीस वर्षं मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंगं सांभाळते. पुस्तकांशी संबंध सुट्टीपुरता.

आज मोजदाद झाली. ‘स्त्री’चे ६१ अंक, बहुतेक सत्तरच्या दशकातले. ‘मिळून साऱ्याजणी’चे २१४. बाकी ४० किरकोळ. एकूण ३१५. सगळ्यात मागे, मावशींच्या यजमानांच्या इन्कम टॅक्सच्या फायलींखाली, ‘समाजस्वास्थ्य’चे तीन अंक निघाले. र. धों. कर्व्यांचं मासिक, संततिनियमनावर १९२७ पासून उघड लिहिणारं. मावशी झोपाळ्यावरून म्हणाल्या, “हे होते होय घरात! मला चाळीस वर्षं सांगितलं नाही.”

अंकांबरोबर एक लांबट हिशेबाची वहीही आली. सध्या बाजूला ठेवली आहे.

२१ जून

कसर. अपेक्षेपेक्षा कमी, पण आहे. अंक पाच-पाचच्या गठ्ठ्यात प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवायचे, मग न उघडता दिवसभर खोलीत येऊ द्यायचे, म्हणजे ओल धरत नाही. फ्रीझर भाचीच्या मैत्रिणीच्या आइसक्रीमच्या दुकानातला. सीताफळाच्या डब्यांशेजारी आता स्त्रीमुक्ती गोठते आहे, असा भाचीचा मेसेज.

खरी अडचण तेवीस अंकांची. ते मावशींच्या दुसऱ्या लेकीकडे समा भागात होते आणि गेल्या ऑगस्टच्या विश्वामित्रीच्या पुरात भिजले. आतला साधा कागद फुगून सुटा झाला, पण गुळगुळीत मुखपृष्ठं एकमेकांना अशी चिकटली की ओढली तर शाई दुसऱ्याच्या पाठीवर जाते. ती मी सोडवणार नाही. “मुखपृष्ठ पाहता येत नाही” एवढं लिहायचं आणि पुढे जायचं.

२८ जून

कार्यकारिणीची बैठक. सूचीत काय घ्यायचं यावर पाऊण तास. एका ज्येष्ठ सभासदांचं म्हणणं, नामवंतांचे लेख, कथा आणि मुलाखती घ्या. पाककृती, विणकाम, वाचकांची पत्रं सोडा. मला तेव्हा पटलं. ३१५ अंक, दोन माणसं, शनिवार-रविवार. कॉलम ठरले: मासिक, महिना, वर्ष, शीर्षक, लेखक, विषय, पानं.

हक्कांचंही आटोपलं. स्कॅन फक्त वाचनालयाच्या संगणकावर, बाहेर फक्त सूची. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. कर्वे १९५३ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लिखाण २०१३ संपताना मोकळं झालं. बाकी बहुतेकांचं मोकळं व्हायला आपण कोणी नसू.

सूचीला प्रस्तावना लागेल म्हणून हे लिहून ठेवते. ‘स्त्री’ १९३० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलं. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून बायकांचं मासिक निघत होतं, याचं मला कारखान्यातली म्हणून विशेष वाटतं. विद्या बाळ १९६४ मध्ये तिथे रुजू झाल्या आणि १९८३ ते १९८६ संपादक होत्या. ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांनी पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. मावशींकडे पहिला अंक नाही, दुसऱ्यापासून आहेत. पहिला कुणी नेला ते त्यांना पक्कं आठवतं, पण नाव सांगत नाहीत.

५ जुलै

‘लेखक’ कॉलमवर अडकलो.

एकच बाई १९७४ मध्ये ‘कु.’ आणि माहेरचं आडनाव, १९७८ मध्ये ‘सौ.’ आणि सासरचं, १९९० मध्ये ‘सौ.’ गायब, दोन आडनावं एकापुढे एक, आणि २००१ मध्ये नुसतं नाव, त्यापुढे आईचं नाव. भाचीनं चार वेगळ्या लेखिका म्हणून चार ओळी भरल्या. चूक तिची नाही. मी मावशींना विचारलं नसतं तर मलाही कळलं नसतं.

पुरुषांच्या बाबतीत आजवर एकदाही असं झालेलं नाही. कॉलमच त्यांच्या मापाचा शिवलेला आहे.

जुनं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलं: बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर. एकच बाई, तीन नावं, आणि त्यातलं तिसरं घेतलं ते मनातलं बोलता यावं म्हणून. ‘साऱ्याजणी’च्या गीताली वि. मं. आडनाव लावतच नाहीत. त्यांना अकारविल्हे कुठे बसवायचं? ‘ग’खाली बसवल्या.

शेवटी कारखान्याची पद्धत उचलली. ड्रॉइंग कितीही वेळा बदललं तरी नंबर तोच राहतो, फक्त रिव्हिजन वाढतं. तसाच प्रत्येक लिहिणारीला एक कायमचा नंबर. नाव रिव्हिजन शून्य, एक, दोन. प्रत्येक रिव्हिजनपुढे ते नाव पहिल्यांदा छापून आलं तो महिना. कोणतंही नाव शोधलं तरी त्याच बाईपाशी पोचायचं. माझ्या रजिस्टरमध्ये रिव्हिजनच्या कारणाचाही रकाना असतो: ‘ग्राहकाची मागणी’, ‘मापात चूक’. तो इथे ठेवला नाही. भाची म्हणाली, “आत्या, ठेव ना, मजा येईल.” मजा आली असती.

रकाने भरताना एक गोष्ट दिसत गेली. आपल्यासमोरच्या अंकांत ‘सौ.’ एखाद्या ठरावाने गेलेलं नाही. एकीनं सोडलं, मग दोन महिन्यांनी दुसरीनं, मग तिसरीनं एकदा सोडून परत लावलं. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम सक्तीचा केला. माझ्या एक्सेलमध्ये ती वाट त्याच्या कितीतरी आधीपासून, एकेका ओळीनं, पायाखाली आलेली आहे. गुजरातेत आमच्या आधार कार्डांवर मात्र अजून नवऱ्याचं नाव मधोमध.

१२ जुलै

आज दिवसभर एका अक्षराशी मारामारी. अंकांच्या यादीत ‘साऱ्याजणी’ शोधलं तर २१४ पैकी ९७ ओळी आल्या. बाकीच्या गेल्या कुठे? भाची फोनवर टाइप करते, तिच्याकडे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर पडतं. माझ्या जुन्या कीबोर्डवर साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, असा तोच आकार तयार होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. यंत्राला दोन वेगळे शब्द. सगळीकडे बदलून ‘ऱ’ एकच ठेवलं. मग ‘बिचाऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हेही सापडायला लागले.

ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली छापील अक्षरं यंत्राकडून ओळखून घेणं, टेसेरॅक्ट या प्रोग्रॅमनं केलं. नव्या अंकांवर बरं, ‘स्त्री’च्या खिळ्यांच्या छपाईवर वाईट. ‘स्वातंत्र्य’ ओळखता येत नाही त्याला. हाताने दुरुस्त करतोय.

२० जुलै

मावशींची वही उघडली. आठवडा दुसरं काही झालं नाही.

वही साखळीची आहे. ऑगस्ट १९९१ ते २००३. एका वर्गणीवर अकरा घरं: दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, एक थेट प्रतापनगरला रेल्वे क्वार्टरमध्ये. घरांना नंबर. प्रत्येकीला अंक दोन दिवस. रकाने असे: अंक, घर, नेला, दिला, शेरा. दोन दिवसांच्या वर ठेवला तर चार आणे दंड, त्याचे संक्रांतीला तिळगूळ. नेणारी जाताना मागच्या घरची निंदा ऐकून जाते आणि पुढच्या घरी पोचवते, ही मावशींची व्याख्या.

शेरे उतरवून घेतले, जसे आहेत तसे:

घर ४: “पान २३ वर डाग आहे, तो आमच्या कुकरचा नाही.”
घर ९: “सासूबाईंनी आधी घेतला, मग मला मिळाला. म्हणून उशीर.”
घर २: “ह्यांनी वाचला. काही बोलले नाहीत.”
घर २, तीन महिन्यांनी: “ह्यांनी परत वाचला. बोलले.”
घर ११: “पाहुणे होते, गवारीच्या पिशवीत तळाशी ठेवला होता. वास येईल, क्षमस्व.”

काय बोलले, ते घर २ नं लिहिलेलं नाही. मावशींना विचारलं. “त्यांनाच विचार,” म्हणाल्या. ते गृहस्थ २०११ मध्ये गेले.

घर ७ चा शेरा वेगळा. १९९५ च्या एका अंकातलं पान कापलेलं आहे आणि वहीत लिहिलंय, “वारसाच्या कायद्याचा लेख कापून घेतला, रागावू नये.” पुढच्या महिन्यात: “वकील म्हणाले, हा कायदा महाराष्ट्रापुरता. आपण बडोद्याचे.” बरोबर सांगितलं वकिलानं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटा दिला, तोही आधी लग्न झालेल्यांना सोडून. गुजरातेतल्या मुलींना केंद्राचा कायदा बदलेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर २००५ पर्यंत, थांबावं लागलं. पुण्याहून येणारं मासिक बडोद्यात वाचण्याची ही एक गंमत: भाषा आपली, कायदा त्यांचा. तरीही ती बाई मासिकातलं पान हातात घेऊन, घरी न सांगता, न्यायमंदिरात वकिलाला भेटायला गेली. ‘वारसाहक्क’ या विषयाखाली मी काय लिहिणार? “पृ. १७-१८ कापलेली. घर ७.” तेवढंच लिहिलं. आतापर्यंतची सगळ्यात मोलाची नोंद ही भोकाची आहे, असं माझं मत.

२ ऑगस्ट

मध्यवर्ती ग्रंथालयात संदर्भासाठी गेले. मांडवीजवळची ती इमारत, आत लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन, खालच्या मजल्यापर्यंत उजेड जावा म्हणून. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयं उभी केली आणि खेड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठवल्या. मावशींची गवारीची पिशवी त्या पेटीचीच नात, असं परत येताना रिक्षात वाटलं.

पण फरकही आहे, आणि प्रस्तावनेत तो यायला हवा. बडोद्यात बायकांसाठी पुष्कळ काही वरून आलं आणि लवकर आलं. बालविवाहाला बंदी १९०४. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी अमरेलीत १८९३, मग १९०६ मध्ये राज्यभर, मुलींसकट. हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१, म्हणजे देशाच्या हिंदू विवाह कायद्याच्या चोवीस वर्षं आधी. महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. आमच्या विद्यापीठाच्या कुलगुरू हंसा मेहता, ज्यांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात ‘सगळे पुरुष’ असाही वाचता येणारा शब्द बदलून ‘सगळी माणसं’ असा अर्थ पक्का करून घेतला. सुट्या शब्दावरून काय भांडायचं, असं ‘सौ.’च्या वेळी म्हणणाऱ्या सभासदांना हे सांगायचं राहिलं.

मावशींना १९३१ चा कायदा सांगितला. त्या पाय टेकवून झोपाळा थांबवत म्हणाल्या, “कायदा होता गं. पण आमच्या वाड्यात तो कुणी वापरल्याचं ऐकलं नाही. बायका काय म्हणायच्या ठाऊक आहे? पदरी पडलं, पवित्र झालं. हे वाक्य मी शेवटचं कधी ऐकलं ते मात्र मला आठवतं. घर ३ ची म्हणाली आणि घर ६ ची तिला म्हणाली, ‘कुठल्या अंकात आलंय हे?’ सगळ्या हसल्या. नंतर कुणी म्हणालं नाही, निदान माझ्या घरात.”

१० ऑगस्ट

वहीतलं एक खटकत होतं, ते लिहून टाकते. अकरा घरांची आडनावं एका दमात वाचली की जात कळते. दोन सोडली तर एकच. त्या दोनही फार लांबच्या नाहीत. हे आमच्या बडोद्याचं, आमच्या मंडळाचं आणि खरं सांगायचं तर अशा मासिकांच्या वाचकवर्गाचंही दुखणं आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखतींचं पुस्तक, ‘साऱ्याजणी’ निघालं त्याच वर्षी, १९८९ मध्ये आलं. मावशींच्या कपाटात ते नाही. आमच्या वाचनालयातही नव्हतं. मागवलं.

मग वहीत बारावी ओळ सापडली. १९९६ पासून. घराला नंबर नाही, आडनाव नाही, नुसतं पहिलं नाव. ‘नेला’ आणि ‘दिला’ हे रकाने रिकामे, शेरा मात्र आहे आणि अक्षर मावशींचं. त्यांच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या बेन. वाचता येत नव्हतं आणि मराठीही येत नव्हतं. दुपारी तांदूळ निवडताना मावशी अंकातलं गुजरातीत सांगायच्या आणि त्या जे बोलतील ते देवनागरीत लिहून ठेवायच्या. एक शेरा: “आ बधुं भायडाओने क्यारे वंचावशो?” हे सगळं पुरुषांना कधी वाचायला देणार? पुण्यात पुढे ‘साऱ्याजणी’च्या मंडळींनी पुरुषांशी बोलायचं केंद्र काढलं. इथे मागणी तांदळाच्या सुपाशेजारी आधीच नोंदवलेली होती.

त्या ओळीला नंबर दिला: घर १२. मावशींनी पाहिलं आणि गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “तिला अंक घरी नेऊ दिला नाही कधी. हरवेल म्हणून.”

२३ ऑगस्ट

सूचीचे कॉलम बदलले. पत्रं घ्यायची. कार्यकारिणीत कुरबुर झाली, “दिवाळीला प्रकाशन कसं होणार मग?” होणार नाही, असं सांगितलं. नामवंतांचे लेख कुठेही मिळतील, त्यांची पुस्तकं झाली आहेत. पत्रं पुस्तकात येत नाहीत. आणि बदल जर कुठे झाला असेल तर लेख वाचून पेन हातात घेणाऱ्या बाईच्या घरात झाला असेल. तिचा पुरावा मागची दोन पानं.

म्हणजे आधी झालेले १४० अंक परत. भाचीनं डोक्याला हात लावला, मग विचारलं, “निनावी असेल तर नंबर द्यायचा?” द्यायचा. नाव नसलं तरी गाव असतं. तेवढंही नसेल तर अंक आणि पान.

गणपतीत काम बंद.

१३ सप्टेंबर

पत्रं ९० अंकांची झाली. टाइप करताना भाची मधेच हसते, मधेच उठून जाते. तिला सांगितलंय, सारांश लिहू नकोस, फक्त विषय लिही. तरी दोन ठिकाणी तिनं विषयाच्या रकान्यात “माझ्या आईसारखं” असं लिहिलं होतं. पुसून ‘नोकरी’ आणि ‘घरकाम’ केलं. माझ्या प्रतीत मात्र पुसलेलं नाही.

२१ सप्टेंबर

मांजलपूरला मावशींकडे. नव्या फ्लॅटमध्ये झोपाळ्याला कडी नाही, म्हणून त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि पाय हलवत राहतात.

जूनमध्येच त्या सहज बोलल्या होत्या की नव्वदच्या आसपास त्यांनी एका मासिकाला पत्र पाठवलं होतं, नाव न घालता, आणि ते छापून आलं होतं. कोणत्या मासिकाला, कशाबद्दल, ते सांगायला तयार नव्हत्या. पत्रांचा कॉलम झाल्यावर मी चाळणी लावली: १९८७ ते १९९४, नाव नाही, गाव बडोदे. चार ओळी आल्या, तीन वेगवेगळ्या मासिकांतल्या. चारही पानांच्या झेरॉक्स नेल्या.

मावशींनी चष्मा पुसला. चारही पत्रं सावकाश, ओठ हलवत वाचली. एकदा वाचून झाल्यावर क्रम बदलून परत वाचली.

“यातलं एक माझं आहे,” म्हणाल्या.

“कुठलं, मावशी?”

“चहा टाक आधी. साखर वरच्या डब्यात आहे, लेक लपवते.”

चहा झाला. दुसरा विषय निघाला. निघताना झेरॉक्स मागितल्या, तर चारही ठेवून घेतल्या. सूचीत चारही ओळींपुढे चार वेगळे नंबर आहेत, लेखक: नाव नाही, बडोदे. भाची विचारत होती, एका नंबरपुढे मावशींचं नाव रिव्हिजन म्हणून टाकू का, अंदाजानं. नको म्हटलं.